आधी प्रश्न, मग कॅमेरा

(घर, दुकान आणि कारखान्यात सीसीटीव्ही बसवणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेची प्रस्तावना)

दुकान फुटलं की सकाळी शटरसमोर जमलेल्या माणसांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "कॅमेरा होता का?" होता, असं उत्तर आलं की सगळ्यांना हायसं वाटतं. पुढचं कुणी विचारत नाही, की त्या कॅमेऱ्यात दिसतंय काय? पुष्कळदा दिसतं ते एवढंच : रात्री दोनच्या सुमारास तोंडाला रुमाल बांधलेलं कुणीतरी आलं, शटर उचकटलं, आत शिरलं, बाहेर पडलं. चेहऱ्याच्या जागी पांढरट डाग. वर कोपऱ्यातलं घड्याळ पाऊण तास पुढे. आणि कधीकधी तेवढंही हाती लागत नाही, कारण चोरांनी गल्ल्यातल्या पैशांबरोबर चित्रण साठवणारा डीव्हीआरही उचलून नेलेला असतो.

सोलापुरात आता कॅमेरा ही श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. चाटी गल्लीतली साडीची दुकानं, सराफ कट्टा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखाने, जुळे सोलापुरातली अपार्टमेंट, होटगी रोडवरचे बंगले, सगळीकडे भिंतीवर एखादा बुलेट किंवा छताला एखादा डोम दिसतोच. बसवणारेही गल्लोगल्ली झाले आहेत. बसवण्याआधी विचार करण्याची सवय मात्र त्या वेगानं वाढलेली नाही. "चार कॅमेऱ्यांचा सेट केवढ्याला?" इथून बोलणं सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथंच संपतं. ही पुस्तिका त्या बोलण्याची सुरुवात बदलावी म्हणून लिहिली आहे.

सुरुवात कुठून करायची, हे घरगुती कॅमेऱ्याच्या जन्मकथेतच सापडतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहत होती. तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या कामाच्या वेळा विचित्र, त्यामुळे ती अनेकदा घरी एकटी असायची. दारावर थाप पडली की पलीकडे कोण आहे, हे दार न उघडता कळावं, एवढीच तिची गरज होती. दाराला वेगवेगळ्या उंचीवर झरोके, त्यांतून वर-खाली सरकून पाहणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा, बोलण्याची सोय आणि बटण दाबून दार उघडण्याची व्यवस्था अशी रचना या दांपत्यानं केली. 1966 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, 1969 मध्ये ते मिळालं. यंत्र पुढे कितीतरी बदललं, पण तिची पद्धत आजही चोख आहे. तिच्याकडे आधी प्रश्न होता, "दारात कोण आहे?" कॅमेरा त्याच्या उत्तरासाठी आला.

आपल्या शहरातले प्रश्न जागेगणिक वेगळे आहेत. चाटी गल्लीतल्या दुकानदाराला लग्नसराईच्या गर्दीत काउंटरवरची साडी कुणाच्या पिशवीत गेली, हे पाहायचं असतं. हैदराबाद रोडवरच्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या हंगामात रात्री गाड्यांची रांग लागते. तिथल्या आडत्याला कोणत्या गाडीतून किती पोती उतरली, याच्याशी मतलब. पूर्व भागात घराला लागूनच माग असतात, त्यामुळे तिथं घराची आणि कारखान्याची सीमारेषा एकाच दारातून जाते. कुंभारीच्या रे नगरात जानेवारी 2024 मध्ये 15,000 घरांचा ताबा असंघटित कामगारांना मिळाला. विडी, यंत्रमाग, शिलाई अशा कामांवर घरातली दोन्ही माणसं जात असतील, तर तिथला प्रश्न दिवसाढवळ्या बंद असलेल्या दाराचा आहे. आणि जुळे सोलापुरात मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, घरी फक्त आई-वडील, अशी घरं वाढत चालली आहेत. तिथं चोरापेक्षा "बाबा सकाळपासून खोलीबाहेर आले का?" हा प्रश्न मोठा असतो. या सगळ्यांना एकच "चार कॅमेऱ्यांचा सेट" कसा पुरेल?

म्हणून पहिल्या प्रकरणात कॅमेऱ्याचं नावही नाही. त्यात फक्त एक कोरा तक्ता आहे. जागा कोणती, तिथं काय घडण्याची भीती आहे, घडलं तर ते किती दिवसांनी लक्षात येईल, आणि तेव्हा आपल्याला काय दिसायला हवं : नुसती हालचाल, ओळखीचं माणूस, अनोळखी चेहरा की गाडीचा नंबर? हे चार रकाने भरले की निम्मं काम झालं.

चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्याच्यावर सगळं गणित उभं आहे. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यावा, यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांत एक ढोबळ माप दिलेलं आहे : चित्रात दर मीटरमागे 250 ठिपके. आपण सर्रास बसवतो त्या 2 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे 1920 ठिपके असतात. म्हणजे चित्राची रुंदी साडेसात मीटरच्या पुढे गेली की चेहऱ्याची खात्री संपली. 3.6 मिमीची लेन्स असेल, तर ही मर्यादा कॅमेऱ्यापासून साधारण 15 फुटांवर येते. 2.8 मिमीची रुंद लेन्स घेतली तर 10 फुटांवर, आणि 6 मिमीची घेतली तर 25 फुटांपर्यंत जाते. त्यापलीकडे माणूस दिसतो, त्याची चाल दिसते, शर्टाचा रंगही कळतो, पण तो कोण हे सांगता येत नाही. "सगळं एकाच कॅमेऱ्यात आलं पाहिजे" हा आपला आवडता आग्रह इथंच अंगाशी येतो. अख्खं दुकान दाखवणारा कॅमेरा चेहरा दाखवत नाही. त्यासाठी दाराकडे तोंड केलेला, अरुंद नजरेचा दुसरा कॅमेरा लागतो. पैसे दोन कॅमेऱ्यांपुरतेच असतील, तर एक असा आणि एक तसा घ्यावा.

उंचीचंही तेच. कुणाचा हात पोचू नये म्हणून कॅमेरा पंधरा-वीस फुटांवर टांगतात आणि मग चित्रात टोप्या, टकलं आणि केसांचे भांगच तेवढे दिसतात. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच हा प्रकार. चेहरा हवा असेल, तर आठ ते दहा फूट उंची पुरे, आणि तो कॅमेरा दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्याच्या नजरेत ठेवावा, म्हणजे त्याला हात लावणारा टिपला जातो.

बसवून झाल्यावर एक चाचणी चुकवू नये. दुकान बंद झालं, शटर ओढलं, आतले दिवे मालवले की घरातल्या कुणाला तरी बाहेरून दारापर्यंत चालत यायला सांगा आणि तुम्ही मोबाइलवर पाहा. दिवसा झकास दिसणारं चित्र अशा वेळी आपलं खरं रूप दाखवतं. शेजारच्या पाटीचा झगमगाट थेट लेन्सवर येतो. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे जवळच्या चुना मारलेल्या भिंतीवर आपटून परततात, त्यामुळे निम्मं चित्र पांढरं आणि माणूस काळा. समोरून मोटारसायकल आली की हेडलाइटच्या गोळ्यात नंबर प्लेट गडप होते. काही महिन्यांनी हीच चाचणी पुन्हा केलीत, तर चित्रात चमचमणारे धागे हलताना दिसतील. ते भूतबीत काही नसतं. इन्फ्रारेडच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि थेट लेन्ससमोर संसार थाटतो. महिन्यातून एकदा मऊ फडका फिरवला की काम भागतं. हे सगळं चोरी होण्याआधी पाहिलेलं बरं. नंतर पाहणं म्हणजे वरातीमागून घोडं.

कारखान्यात कोळ्याची जागा कापूस घेतो. टॉवेलच्या मागाजवळ लावलेला डोम मी अगदी जवळून पाहिला आहे. वरच्या कडेला तंतूंची करड्या रंगाची दाट साय, तिच्यावर मशिनच्या तेलाचा थर, आणि मधोमध दिसायला जेमतेम वाटीएवढी स्वच्छ जागा. पडद्यावर त्या शेडमध्ये कायम धुकं पडलेलं असायचं. कॅमेरा खराब आहे म्हणून तो बदलण्याचं घाटत होतं, प्रत्यक्षात खराब होती ती फक्त काच. मागाच्या शेडमध्ये डोमऐवजी पुढे सपाट काच असलेला बुलेट बरा पडतो, आणि मागांच्या डोक्यावर टांगण्यापेक्षा भिंतीकडून तिरका लावलेला जास्त टिकतो. मागांच्या थरथरीनं सैल होणारे स्क्रू ही आणखी एक डोकेदुखी. त्यांच्यासाठी स्वतंत्र टीप दिली आहे.

मग आपलं ऊन. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून कितीतरी वर. कॅमेऱ्याच्या खोक्यावर 50 किंवा 60 अंशांची मर्यादा छापलेली असते, ती आपल्याकडे नुसती छापण्यापुरती राहत नाही. पश्चिमेच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याला वरून छोटी पत्र्याची टोपी घातली, तरी त्याचं आयुष्य वाढतं. डीव्हीआर तर बंद लाकडी कपाटात कोंडूच नये. चोराच्या हाती लागू नये म्हणून त्याला कुलूप हवं, पण ते जाळीच्या पेटीला असावं, वारा खेळता राहील असं. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा लांबवर ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून धक्का येऊन डीव्हीआरचे पोर्ट जळतात. अर्थिंग नीट आहे का, हा प्रश्न कॅमेरावाल्याला आधीच विचारायचा, नंतर नाही. वीज जाते तेव्हा डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांना छोटा यूपीएस अर्धा-पाऊण तास सहज तारून नेतो. राउटर मात्र त्याच यूपीएसवर घ्यायला लोक विसरतात आणि नेमका तेव्हाच मोबाइलवर अंधार होतो.

तारांच्या प्रकरणात जुनी थ्री प्लस वन केबल आणि डीव्हीआर, की नेटवर्क केबल आणि तिच्यावर चालणारा रेकॉर्डर, म्हणजे एनव्हीआर, याचा ऊहापोह आहे. थोडक्यात सांगायचं तर घर आणि लहान दुकान यांना पहिला पर्याय पुरतो आणि दुरुस्तीलाही सोपा पडतो. कॅमेरे आठ-दहाच्या पुढे जाणार असतील किंवा पुढे वाढवायचे असतील, तर दुसरा. त्यात एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात. मात्र दोन टोकांतलं अंतर 100 मीटरच्या आत ठेवावं लागतं.

साठवणुकीचं गणित तिसऱ्या रकान्याशी बांधलेलं आहे. 2 मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिट या बेतानं चोवीस तास चालला, तर दिवसाला सुमारे 21 जीबी जागा खातो. चार कॅमेऱ्यांना 1 टीबीची डिस्क दहा-अकरा दिवस पुरते, त्यानंतर जुनं पुसून त्यावर नवं चढतं. घरफोडी दुसऱ्या दिवशी कळते, तिथं एवढं चालेल. पण गोडाऊनमधला माल महिनाअखेरीला मोजला जात असेल आणि तेव्हा चार गठ्ठे कमी भरले, तर अकरा दिवसांचं चित्रण घेऊन काय करणार? तिथं 4 टीबीची डिस्क तरी घ्यावी किंवा आठवड्याला माल मोजावा. दुसरा उपाय फुकट आहे, हे सांगायला विक्रेता येणार नाही.

चित्रण वेळेवर हाती नसणं किती महागात पडतं, हे महाराष्ट्रानं ऑगस्ट 2024 मध्ये पाहिलं. बदलापूरच्या एका शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या तपासात शाळेतलं काही दिवसांचं चित्रण उपलब्ध नसल्याचं समोर आलं. त्यानंतर लगेच राज्य शासनानं शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवण्याचा आदेश काढला. आदेशानं कॅमेरा भिंतीवर येतो. तो चालू आहे का, डिस्क भरतेय का, हे पाहणारं माणूस आदेशानं येत नाही. म्हणून पुस्तिकेत दर सोमवारी करायच्या पाच मिनिटांच्या तपासणीचं पान आहे. ते कापून डीव्हीआरच्या पेटीवर चिकटवा. त्यातली पहिली ओळ घड्याळाची आहे, कारण चुकलेल्या वेळेचं चित्रण म्हणजे वकिलाच्या हातात दिलेलं कोलीत.

कोर्टाचं नाव निघालंच आहे, तर तेही सांगितलं पाहिजे. फुटेज मोबाइलवर घेऊन व्हॉट्सअॅपवर फिरवलं, म्हणजे पुरावा झाला असं होत नाही. यावरचा गाजलेला निकाल आपल्या मराठवाड्यातल्या वादातूनच आला. 2014 च्या निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला का, यावर अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात खटला झाला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण त्यात कळीचं ठरलं. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं नसेल, तर अशा चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. 1 जुलै 2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम 63 नुसार हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यायचं असतं, एक यंत्र सांभाळणाऱ्यानं आणि एक तज्ज्ञानं. त्यात चित्रणाच्या फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिच्यात फेरफार झाला नसल्याची खूण, नोंदवायची असते. घटना घडली की आधी रेकॉर्डिंग पुसलं जाणार नाही याची व्यवस्था करा, डीव्हीआरशी खेळ करू नका आणि पोलीस येईपर्यंत घड्याळातला फरक कागदावर लिहून ठेवा. एवढं केलंत तरी पुष्कळ.

आता ज्या प्रकरणावर काही जण नाराज होतील, ते. आपल्या सुरक्षेचा कॅमेरा दुसऱ्याच्या उंबऱ्यावर रोखायचा हक्क आपल्याला नाही. पूर्व भागातल्या गल्ल्यांत घरं समोरासमोर, मधे जेमतेम रिक्षा जाईल एवढी जागा. दुपारी बायका दारात सुपं घेऊन विड्या वळत बसतात, तिथंच मुलांचा अभ्यास, तिथंच शेजारणींच्या गप्पा. समोरच्यानं कॅमेरा लावला की त्या उंबऱ्यावरचं बसणं अवघडतं आणि मग मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत भांडण पेटतं. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करण्याची सोय असते. शेजाऱ्यांना बोलावून, त्यांच्यासमोर त्यांचं दार झाकून दाखवा. दहा मिनिटांचं काम आहे. एकाच घरात राहणाऱ्यांनाही हे लागू पडतं. कोलकात्यातल्या एका कौटुंबिक वादात सहरहिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे नकोत, हा उच्च न्यायालयाचा निर्णय 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही बदलला नाही.

कामाच्या जागी स्वच्छतागृह, कपडे बदलण्याची खोली, शिशूंना पाजण्याची जागा इथं कॅमेरा म्हणजे थेट गुन्हा. एखाद्याच्या खासगी अंगाचं चित्र संमतीशिवाय टिपल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा निव्वळ घरगुती वापराला लागू होत नाही. दुकानं आणि कारखान्यांनी मात्र त्याची दखल घ्यायला हवी. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर झाले असून ते टप्प्याटप्प्यानं अमलात येत आहेत. "येथे कॅमेरे आहेत" ही पाटी, ते कशासाठी आहेत आणि चित्रण कोण पाहतं हे कामगारांना सांगणं, एवढी सुरुवात आजच करता येते. मुनीम, जॉबर आणि मालकाचा भाचा असे सगळेच मोबाइलवर कामगार बायकांचं चित्रण पाहत असतील, तर त्याला सुरक्षा म्हणत नाहीत.

पाहणारे आणखीही असू शकतात. 2016 मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं तपासणी कक्षाचं चित्रण इंटरनेटवर विकलं गेल्याचं उघड झालं. बसवणाऱ्यानं ठेवलेला पासवर्ड तो समोर असतानाच बदला, आणि मोबाइल अॅपमधून त्याचं नाव काढायला सांगा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही. एप्रिल 2025 पासून केंद्र सरकारनं नव्या कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचण्यांचं बंधन घातलं आहे, तेव्हा स्वस्तातला बिननावी माल घेण्याआधी प्रमाणपत्र आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा.

आणि कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचंही ध्यानात असू द्या. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जीव गेले. कॅमेरा धुराचा वास घेत नाही आणि कुणाला बाहेर काढत नाही. धुराची सूचना देणारं यंत्र, आतून चटकन उघडणारं दार, मोकळा जिना यांचा खर्च कॅमेऱ्यांच्या आधी यायला हवा. दार कच्चं आणि कॅमेरा पक्का, ही वाटणीही तितकीच उलटी. बजेट तोकडं असेल, तर या पुस्तिकेचा सल्ला सरळ आहे : आधी चांगलं कुलूप, मग दारावर दिवा, मग कॅमेरा.

पुस्तिका सलग वाचायची गरज नाही. घर, दुकान, कारखाना, सोसायटी असे चार भाग वेगळे केले आहेत. तारा, साठवणूक आणि कायदा ही प्रकरणं मात्र सगळ्यांना सारखीच लागतील. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत. त्या दर सहा महिन्यांनी बदलतात आणि छापील आकडा पुढे दुकानात वादाला कारण होतो. त्याऐवजी कोटेशनमध्ये काय काय लिहून घ्यायचं, याची यादी आहे : लेन्स किती मिमीची, डिस्क पाळतीच्या कामासाठी बनवलेली की साध्या संगणकाची, केबल पूर्ण तांब्याची की नुसता मुलामा, वर्षाच्या देखभालीत किती फेऱ्या. शिडीवर चढून ज्यांनी ही कामं केली, आणि पुस्तकी माहितीला "साहेब, तसं नसतं" म्हणून जागच्या जागी थांबवलं, त्या कारागिरांचा या पानांवर मोठा हक्क आहे.

कोटेशन मागवण्याआधी पहिल्या प्रकरणातला तक्ता भरा. तो भरता भरता पुष्कळांच्या लक्षात येतं, की आठ कॅमेऱ्यांची यादी चारांवर आली आहे आणि उरलेल्या पैशांत मागच्या दाराची कडी बदलता येते. तसं झालं, तर तुमच्या कॅमेरावाल्याचा धंदा थोडा कमी होईल. त्याची माफी मी आगाऊ मागून ठेवतो.